कंपनीचे नको, आपल्या दुकानाचे रिकव्हरी पार्टिशन हवे

कोल्हापुरात ऐन लग्नसराईत डीटीपीच्या दुकानातला संगणक बसला की दुरुस्तीवाल्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: "फॉरमॅट मारायला लागतंय." विंडोज नव्याने टाकायला तास-दीड तास पुरतो. वेळ खातात त्यानंतरची कामे. श्री-लिपी हे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर आणि हाताला सवय झालेला टाइपरायटर कीबोर्ड, जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली उघडण्यापुरते जपून ठेवलेले पेजमेकर, कोरलड्रॉ, वर्षानुवर्षे जमवलेले फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि त्यांत बसवलेली कागदाची मापे, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. यातले एकेक जागेवर बसेपर्यंत दोन दिवस सहज जातात, आणि पत्रिकेचे प्रूफ बघायला आलेली मंडळी बाकड्यावर ताटकळत बसतात. पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ साली आली होती. तिची सीडी आणि तिचा क्रमांक लिहिलेला कागद, दोन्ही आज हाताशी आहेत असे दुकान विरळाच.

हे दोन दिवस वाचवता येतात. संगणक छान चालू असताना, सगळी सॉफ्टवेअर जागच्या जागी असताना, त्या अवस्थेची एक संपूर्ण प्रत काढून डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची. बिघाड झाला की तीच प्रत परत सी ड्राइव्हवर उतरवायची. या प्रतीला इमेज म्हणतात आणि त्या कप्प्याला रिकव्हरी पार्टिशन. शाहूपुरीतला छापखाना असो, उद्यमनगरातले सीएनसीचे ड्रॉइंग करणारे वर्कशॉप असो की मार्केट यार्डातली गुळाची अडत, ज्याच्या कामाची सॉफ्टवेअर पटकन परत टाकता येत नाहीत त्या प्रत्येकाने हे करून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

"पण लॅपटॉपमध्ये रिकव्हरी असतेच की," असे कोणी म्हणेल. असते. एचपीच्या यंत्रात एफ-११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ-१०, आसुसमध्ये एफ-९ दाबून कंपनीची रिकव्हरी सुरू होते. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपना त्यासाठी नोव्हो नावाचे बारीक बटणच दिलेले असते. पण ती रिकव्हरी यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवसावर नेऊन सोडते. त्या दिवशी त्यात श्री-लिपी नव्हते, तुमचा प्रिंटर नव्हता, टॅली नव्हते. उलट कंपनीने चिकटवलेली नको ती सॉफ्टवेअर मात्र सगळी परत येतात.

डिस्कवर आधीपासून काय असते

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. अलीकडच्या बहुतेक संगणकांत सुरुवातीला शंभर एमबीच्या आसपासचा एक ईएफआय कप्पा दिसेल. विंडोजला जागे करणाऱ्या फाइली त्यात असतात. त्यानंतर सोळा एमबीचा एक राखीव कप्पा असतो, तो या खिडकीत दिसतसुद्धा नाही. मग सी ड्राइव्ह. त्याला लागून काहीशे एमबीपासून एखाद्या जीबीपर्यंतचा, 'रिकव्हरी पार्टिशन' असे लिहिलेला छोटा कप्पा. डी ड्राइव्ह केला असेल तर तो बहुधा त्याच्याही पलीकडे.

त्या छोट्या कप्प्यात विंडोजची संपूर्ण प्रत असते असा अनेकांचा समज आहे. एवढ्याशा जागेत ती मावणारच नाही. तिथे असते विनआरई, म्हणजे एक अगदी लहान, कामापुरते विंडोज. दोनदा-तीनदा चालू होताना अडखळले की निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' वगैरे पर्याय येतात, ते हेच. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट केले तरी तिथे पोचता येते. विनआरई संपूर्णपणे रॅममध्ये चढते आणि स्वतःला एक्स ड्राइव्ह म्हणवते. आपल्या कामाला हाच गुण उपयोगी पडतो. विंडोज चालू असताना सी वरच्या असंख्य फाइली वापरात असतात, त्यांची प्रत अर्धवट निघते आणि चालू विंडोज स्वतःवर दुसरे विंडोज उतरवून घेऊ शकत नाही. विनआरईतून काम करताना सी ड्राइव्ह निवांत पडलेला असतो, त्याची प्रत काढता येते आणि तो पुसून पुन्हा भरताही येतो.

इथे जुन्या व्हिडिओंमुळे होणारा एक घोळ सांगायला हवा. विंडोज ८ च्या काळात आपली इमेज एका आज्ञेने नोंदवली की 'रिसेट'चे बटण दाबल्यावर तीच इमेज उतरायची. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने पद्धत बदलली. आता रिसेट कुठल्याही वेगळ्या इमेजवर अवलंबून नसते; सी वरच असलेल्या प्रणालीच्या फाइलींतून किंवा इंटरनेटवरून उतरवून घेऊन ते नवे विंडोज उभे करते. डिस्कवरची जागा त्यामुळे वाचते, पण तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर उडतात. 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय निवडला तरी फाइली राहतात आणि कोरलड्रॉ जाते. तेव्हा विंडोज १० किंवा ११ वर इमेज नोंदवण्याची ती जुनी आज्ञा देत बसू नका. तिथे आपली इमेज आपणच उतरवायची असते, आणि ते अवघड नाही.

चांगला दिवस निवडा

इमेज काढायची ती संगणक ठणठणीत असताना. आधीच मंद झालेल्या, व्हायरसची शंका असलेल्या यंत्राची प्रत काढली तर तोच आजार जपून ठेवल्यासारखे होईल. सगळ्यात उत्तम वेळ म्हणजे नुकतेच नव्याने विंडोज टाकून, अपडेट पूर्ण करून, सॉफ्टवेअर आणि फॉन्ट बसवून एक पान छापून बघितले, ती. त्याच दिवशी हे काम उरकून टाकावे.

त्याआधी एक आवराआवर लागते, आणि मला ती पुढच्या सगळ्या आज्ञांपेक्षा महत्त्वाची वाटते. इमेज उतरवताना सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. दुकानांत नेमके होते काय, की गिऱ्हाईक फ्लेक्ससाठी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते, तो व्हॉट्सॲप वेबवरून डाउनलोड्समध्ये पडतो, तिथून डेस्कटॉपवर येतो, आणि त्यावरून केलेली कोरलची फाइलही डेस्कटॉपवरच राहते. डाउनलोड्स, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी वर असतात. टॅलीच्या डेटाचे फोल्डरही अनेकदा तिथेच असते. म्हणून या प्रत्येक फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन, आणि तिथे डी ड्राइव्हवरची जागा द्या. विंडोज आतले सगळे उचलून तिकडे नेते आणि पुढे नव्या फाइलीही आपोआप तिकडेच जातात. हाताखालच्या मुलांना सवय बदलायला लागत नाही, डेस्कटॉप तोच दिसतो. टॅलीत डेटाचा मार्ग त्याच्याच सेटिंगमधून बदलता येतो.

या आवराआवरीचा आणखी एक फायदा आहे. सी हलका झाला की इमेजही लहान होते. इमेजची फाइल विम या प्रकारची असते. ती डिस्क जशीच्या तशी उचलत नाही, एकेक फाइल घेते, दाबून बसवते, आणि एकच मजकूर दोन ठिकाणी असला तर तो एकदाच साठवते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रीसायकल बिन यांना ती आपणहून वगळते. त्यामुळे सी वर साठ जीबी भरलेले असले तरी इमेज त्याहून बरीच कमी भरते. नेमकी किती, हे आत काय आहे त्यावर ठरते. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत. अंदाज बांधताना सी वर जेवढे भरले आहे तेवढीच जागा धरा, म्हणजे पुढच्या इमेजलाही वाव राहतो.

जागा कुठून काढायची

विंडोजच्या त्या छोट्या रिकव्हरी कप्प्याला हात लावू नका. तो मोठा करून त्यातच आपली इमेज कोंबायचा मोह होतो, पण त्या कप्प्यावर विंडोजची अपडेट स्वतः काम करत असतात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे अपडेट काढले होते. बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्कवरचा मजकूर की शिवाय वाचता येऊ नये म्हणून विंडोज लावते त्या कुलपाला विनआरईतून बगल देता येईल अशी एक फट ते बुजवणार होते. असंख्य संगणकांवर ते बसलेच नाही, कारण त्या छोट्या कप्प्यात पुरेशी मोकळी जागा नव्हती. लोकांना दिसला फक्त ०x८००७०६४३ हा आकडा. शेवटी सी मधून २५० एमबी काढून तो कप्पा वाढवा, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले. यासाठी तो कप्पा सी ला लागूनच असलेला बरा. आपला नवा कप्पा त्या दोघांच्या मध्ये घुसवला तर पुढे अशीच अडचण होऊ शकते.

म्हणून डी ड्राइव्ह असेल तर तोच आकसवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', हवी तेवढी जागा एमबीत लिहा. जागा डी च्या शेवटाकडून मोकळी होते, म्हणजे आपला कप्पा डिस्कच्या टोकाला जातो आणि कोणाच्या वाटेत येत नाही. सी आकसवायला गेलात तर पन्नास जीबी मोकळे असूनही विंडोज पाच-सहा जीबीच द्यायला तयार होते, असा अनुभव येतो. जागेवरून न हलवता येणाऱ्या काही फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात, त्यांच्या अलीकडे सी ला सरकता येत नाही.

मोकळ्या जागेत नवे पार्टिशन करा, फॉरमॅटचा प्रकार विचारला की एनटीएफएस निवडा, नाव द्या, आर हे अक्षर द्या. एफएटी-३२ चालणार नाही, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

आता बिटलॉकर. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मालकाला कल्पनाही नसताना हे कुलूप, म्हणजे डिस्कचे एन्क्रिप्शन, चालू असते. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधून बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवा, मग पुढे जा. ती नसेल तर विनआरईत सी ला कुलूप दिसेल आणि सगळे तिथेच थांबेल. दुसरी बाजूही ध्यानात घ्या: आपला नवा कप्पा कुलूपबंद नसेल तर त्यातली इमेज कोणीही उघडू शकतो, आणि इमेजमध्ये ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्डसुद्धा येतात. वकिलाच्या किंवा डॉक्टरांच्या संगणकावर इमेज त्याच डिस्कवर ठेवू नये, कपाटात कुलपाआड राहील अशा बाहेरच्या डिस्कवर ठेवावी, असे माझे मत आहे.

प्रत काढणे

शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडते. इथे पहिले काम म्हणजे कोण कुठे आहे ते बघणे. विनआरईत अक्षरे बदललेली असू शकतात. तुमचा सी तिथे डी असेल, डी चा ई झालेला असेल. डिस्कपार्ट हे डिस्कचे कप्पे हाताळायचे हत्यार सुरू करून 'लिस्ट व्हॉल्यूम' ही आज्ञा दिली की सगळे कप्पे त्यांच्या नावांसह आणि आकारांसह दिसतात. म्हणूनच कप्प्यांना आधीच ठसठशीत नावे द्यावीत: 'विंडोज', 'काम', 'इमेज'. आकारावरून ओळखायला गेले की दोन सारखे कप्पे गोंधळात टाकतात.

प्रत काढायचे हत्यार विनआरईतच असते, त्याचे नाव डिझम. त्याच्या 'कॅप्चर इमेज' या आज्ञेला तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या ड्राइव्हची प्रत, कुठल्या फाइलीत, आणि प्रतीचे नाव. नावात तारीख घाला. शेवटी 'चेक इंटिग्रिटी' जोडा, म्हणजे फाइल पुढे खराब झाली तर ती उतरवताना कळते. एसएसडीवर हे काम चहा होईपर्यंत आटोपते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तास दोन तासही लागतात. टक्केवारी बराच वेळ एका जागी थांबली तरी खिडकी बंद करू नका. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

सिसप्रेप करावे का, हा प्रश्न नेहमी येतो. सिसप्रेप यंत्राची स्वतःची ओळख पुसून विंडोजला पहिल्या दिवशीच्या 'भाषा निवडा' या पडद्यावर नेऊन ठेवते. एकच इमेज संगणक प्रशिक्षण वर्गाच्या वीस यंत्रांवर टाकायची असेल तर ते लागते, आणि प्रत्येक यंत्राचा परवाना वेगळाच लागतो. त्याच यंत्रावर परत उतरवायची असेल तर त्याची गरज नाही. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्यामुळे तो इमेज उतरवल्यावर आपोआप लागू होतो.

प्रत निघाली की आर कप्पा लपवायचा. डिस्कपार्टमधून त्याचा प्रकार 'रिकव्हरी' असा बदलायचा आणि त्याला 'अक्षर देऊ नये, पुसू देऊ नये' असे गुण लावायचे. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर प्रकाराचा आकडा २७ आहे. नव्या जीपीटी डिस्कवर त्यासाठी लांबलचक ओळखक्रमांक असतो, तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचलून चिकटवा, हाताने टाइप करू नका. लपवण्याचा हेतू साधा आहे: नवा मुलगा जागा कमी पडली म्हणून 'हे काय मोठे पडलंय' म्हणत ती फाइल उडवणार नाही.

परत उतरवणे

बिघाडाच्या दिवशी माणूस घाईत आणि घाबरलेला असतो, म्हणून हा भाग आधीच कागदावर छापून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवावा. पुन्हा विनआरई, पुन्हा काळी खिडकी. लपवलेल्या कप्प्याला इथे अक्षर नसते, ते डिस्कपार्टमधून द्यावे लागते. डेस्कटॉपवर काही राहिले असेल तर ते आत्ताच वाचवा: त्याच खिडकीत नोटपॅड सुरू करा, फाइल आणि ओपन म्हणा, 'सगळ्या फाइली' निवडा. उघडलेल्या चौकटीतून फाइली कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे आणि तिने कितीतरी कामे वाचतात.

मग फक्त विंडोजचा कप्पा निवडून तो फॉरमॅट करायचा. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाची एक आज्ञा आहे, ती इथे चुकूनही द्यायची नाही. ती अख्ख्या डिस्कवरचे सगळे कप्पे एका क्षणात काढून टाकते, इमेजचासुद्धा. फॉरमॅट झाल्यावर डिझमच्या 'अप्लाय इमेज' आज्ञेने इमेज त्या कप्प्यावर उतरवायची. शेवटी बीसीडीबूट ही आज्ञा, जी ईएफआय कप्प्यातल्या जागे करणाऱ्या फाइली नव्याने लिहिते. ती राहून गेली तर सगळे उतरूनही विंडोज सुरू होत नाही, आणि लोक इमेजलाच दोष देतात. संगणक चालू झाला की रीएजंटसी या आज्ञेला 'इन्फो' विचारा. विनआरई बंद दाखवली तर 'एनेबल' करा.

विनआरईच सुरू होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून चालू करा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबा. तीच काळी खिडकी उघडते, हीच हत्यारे तिथेही असतात. काही नव्या इंटेल लॅपटॉपवर मात्र पेनड्राइव्हवरून एसएसडी दिसतच नाही, कारण तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात नसतो. तो ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा.

हे सगळे एकदा करून बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नका. जुनी सुटी एसएसडी मिळाली तर तीवर इमेज उतरवून यंत्र चालू करून बघा, श्री-लिपीत चार ओळी टाइप करा, प्रिंट द्या. डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची परवान्याची चावी, लागणारी सॉफ्टवेअर ती लावल्यावर चालतात का तेही बघा.

एकाच डिस्कवर किती भिस्त ठेवावी

पार्टिशन म्हणजे एकाच शेतात घातलेला बांध. बांधाने वाफे वेगळे होतात, पण पूर आला की पाणी दोन्हीकडे भरते. एसएसडी मेली तर इमेजही तिच्याबरोबर जाते. खंडणीखोर व्हायरस तर विंडोजची रिकव्हरीच आधी बंद पाडतात, आणि लपवलेला कप्पा त्यांच्यापासून लपलेला नसतो. म्हणून इमेज तयार झाली की त्या विम फाइलीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क एरवी संगणकाला लावून ठेवायची नाही.

कोल्हापूरकरांना पुराचे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्याखाली होती, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. अशा वेळी पुण्याहून सुटा भाग येत नाही, दुरुस्तीवाला येऊ शकत नाही. बाहेरची डिस्क हाताशी असेल तर नातेवाइकांच्या घरी, उंचावर, दुसऱ्या एसएसडीवर इमेज उतरवून निदान कामाच्या फाइली उघडता येतात. पण वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर तीच इमेज सुरळीत चालेलच असे नाही. ड्रायव्हर वेगळे पडतात, परवाना नव्याने मागितला जातो.

इमेज शिळीही होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या काळातली इमेज उतरवली की सुरक्षेच्या जुन्या फटीही परत येतात. जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज १० ठेवणे भाग असेल तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईला वापरावे. विंडोज ११ ची इमेज उतरवल्यावर आधी अपडेट पूर्ण होऊ द्यावीत, मग बँकेचे आणि जीएसटीचे काम करावे.

नवे सॉफ्टवेअर बसवले, प्रिंटर बदलला, विंडोजची मोठी आवृत्ती आली की नवी इमेज काढायची, आणि ती एकदा तपासून होईपर्यंत जुनी पुसायची नाही. छापखान्यांना यासाठी जून अखेरीचे दिवस सोयीचे आहेत. लग्नाचे मुहूर्त संपत आलेले असतात, गणपतीच्या पावती पुस्तकांची आणि फ्लेक्सची गर्दी अजून सुरू व्हायची असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आकडा चाळिशीकडे सरकू लागण्याच्या आत बाहेरची डिस्क, रिकव्हरी की चा कागद आणि इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह असे तिन्ही एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा.